लँगहॅमर : वृत्तपत्राच्या कचेरीतला कलागुरू

वालावलहून सावंतवाडीला गेले, की राजवाड्यातले गंजिफांचे काम पाहिल्याशिवाय माझा पाय निघत नाही. दशावतारी गंजिफांचे १२० गोल पत्ते : दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. गंजिफांविषयी वाचू लागले, की रुडॉल्फ व्हॉन लायडन हे नाव हमखास भेटते. जन्माने जर्मन, मुंबईत कलासमीक्षक आणि गंजिफांचे मोठे संग्राहक. त्यांचा माग काढता काढता मी पोहोचलो त्यांच्या स्नेह्यापर्यंत, वॉल्टर लँगहॅमर यांच्यापर्यंत.

लँगहॅमर यांचा जन्म १९०५चा, ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचा, कलाशिक्षण व्हिएन्नात. पत्नी केथे ज्यू. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि दोघांना देश सोडावा लागला. मुंबईत त्यांना आसरा मिळाला आणि लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. छापील पानाचे रूप सांभाळणे ही त्यांची रोजीरोटी. स्वतःचे चित्र रंगवायचे ते उरल्या वेळात.

नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. सोबत आणलेली चित्रे मांडली जात, त्यांवर मोकळी चर्चा होई. लँगहॅमर यांचा स्वतःचा कुंचला जाड, झगझगीत रंगांचा. रंगानेच चित्र उभे करायचे, ही दृष्टी रझांसारख्यांनी तिथे जवळून पाहिली. लायडन या मुलांविषयी लिहीत, तर व्हिएन्नाहूनच आलेले इमॅन्युएल श्लेसिंजर त्यांची चित्रे विकत घेत. गुरू, समीक्षक आणि ग्राहक, तिघेही निर्वासित.

१९४७ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. या बंडाचे श्रेय परदेशी पाहुण्यांना देणे हा त्या सहा जणांवर अन्याय होईल. बंड त्यांचे होते, त्यामागची भूकही त्यांचीच. पण मुंबईत कोणी आपले चित्र गंभीरपणे पाहते आहे, हा धीर त्यांना त्या रविवारांनी दिला, हे विसरणेही अन्यायच.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. हुसेन सिनेमाचे फलक रंगवत, रझा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी करत, लँगहॅमर वर्तमानपत्रात. आपल्या आधुनिक चित्रकलेचा पाया असा पोटापाण्याच्या चित्रकामावर उभा आहे. तरीही आपण ‘शुद्ध कला’ आणि ‘कमर्शियल’ अशी भिंत घालतो आणि मुखपृष्ठे, जाहिराती, कॅलेंडरे रंगवणाऱ्यांना कलेतिहासाच्या उंबऱ्याबाहेर बसवतो. लँगहॅमर यांच्या नावाची आपल्याकडे फारशी आठवण उरली नाही, त्यालाही हीच भिंत थोडीबहुत कारण असावी.

लायडन यांना ती भिंत मान्य नव्हती. हुसेनच्या कॅनव्हासवर लिहिणारा हा माणूस खेळायच्या पत्त्यांवरही तितक्याच आस्थेने ग्रंथ लिहितो. सावंतवाडीचा चितारी हातातल्या गोल पत्त्यावर मत्स्यावतार रेखतो, तेव्हा तोही पोटासाठीच रेखत असतो. म्हणून त्याच्या रेषेचे मोल कमी होत नाही.