शाकवर्गातील कारले आणि मधुमेहाची कॅप्सूल

भावमिश्रांच्या सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथाच्या निघंटूत, म्हणजे द्रव्यांचे गुण सांगणाऱ्या कोशवजा भागात, कारले ‘कारवेल्ल’ या नावाने शाकवर्गात, म्हणजे भाज्यांमध्ये येते, आणि ज्वर, पित्त, कफ, पांडू व कृमी यांच्या पंक्तीत ‘मेहा’वरही ते गुणकारी असल्याचे तेथे म्हटले आहे. मेह किंवा प्रमेह ही मूत्रविकारांची व्यापक संज्ञा असून आयुर्वेद तिचे वीस प्रकार मानतो. मधुमेह हा त्यांपैकी एक, आणि त्याच्या चिकित्सेत आहार व व्यायाम यांना मोठे स्थान होते. तेव्हा ‘कारले म्हणजे साखरेचे औषध’ हे आज सर्वमुखी झालेले समीकरण परंपरेने जसेच्या तसे हाती दिलेले नाही. ते मुख्यतः विसाव्या शतकात घडले.

1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, रक्तातील साखर मोजणे दवाखान्यांतून रुळत गेले आणि जुन्या वनस्पतींना ‘साखर किती उतरते’ हा एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. लोटलीकर व राजाराम राव यांनी 1966 मध्ये कारल्याच्या फळातून वेगळ्या केलेल्या शर्करानाशक घटकावरील, म्हणजे ‘चॅरँटिन’वरील, संशोधन प्रसिद्ध केले, 1981 मध्ये खन्ना व सहकाऱ्यांनी ‘पॉलिपेप्टाइड-पी’ या प्रथिनसदृश घटकाची माहिती दिली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या नऊ मधुमेहींवर झालेला प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यात 50 ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत कारल्याच्या पाण्यातील अर्काने रक्तशर्करा लक्षणीय घटली, रोज तळलेले कारले खाल्ल्याने थोडीशीच सुधारणा दिसली आणि या सुधारणेसोबत इन्सुलिन वाढल्याचे मात्र आढळले नाही. एकाच फळाचा परिणाम ते कोणत्या रूपात पोटात जाते यावर पालटतो, हा त्यातील खरा धडा होय. भुकटी भरलेल्या कॅप्सूलच्या व्यापाराने नेमका तोच दुर्लक्षिला.

फिलिपिन्समध्ये 40 रुग्णांना तीन महिने कॅप्सूल किंवा तिच्यासारखी दिसणारी औषधहीन गोळी देऊन घेतलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गेल्या काही आठवड्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए1सी या मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चार चाचण्यांतील 479 सहभागींची माहिती तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यानेही पुरावा अपुराच ठरवला. उलट साखर उतरवणाऱ्या ‘क्लोरप्रोपामाइड’ या गोळीच्या जोडीला आहारातील कारल्याचाही प्रभाव पडू शकतो, याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1979 मध्येच झाली होती. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने रस वा कॅप्सूल घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातीला भारतात 1954 च्या कायद्याने मनाई आहे.