आधी ट्रक की आधी रोबोट?

माझ्या भाच्याकडे एक लाल-निळा ट्रक आहे. चार-पाच जागी वळवला, दुमडला, ओढला की त्याचा रोबोट होतो. एका संध्याकाळी त्याने विचारले, "मामू, हा आधी ट्रक होता की आधी रोबोट?" मी म्हणालो, "बेटा, हा आधी सैनिक होता." त्याला वाटले मी थट्टा करतोय. पण खेळण्यांचा इतिहास खरोखर तसाच आहे.

1945 साली जपान हरला, शहरे जळाली आणि अमेरिकी फौजा देशात आल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोसुगे मात्सुझो या कारागिराने ओत्सू गावात फौजेने फेकलेले खाण्याचे डबे गोळा करून त्यांच्या पत्र्याची छोटी जीप बनवली. क्योटोच्या दुकानात ती हातोहात खपली. जिंकलेल्यांची गाडी, त्यांच्याच डब्यांचा पत्रा आणि हरलेल्यांची मुले! युद्धानंतर जपानचा खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला तो अशा पत्र्यावर.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये 'जी. आय. जो' हा सुमारे 30 सेंटिमीटर उंचीचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत, म्हणून कंपनीने बाहुली हा शब्दच टाळला. मग व्हिएतनामचे युद्ध पेटले. टीव्हीवर खऱ्या सैनिकांच्या शवपेट्या दिसू लागल्या, तेव्हा आईबापांना खेळण्यातला सैनिक नकोसा झाला. 1970 च्या सुमारास कंपनीने त्याची वर्दी उतरवली आणि त्याला साहसी प्रवासी बनवले.

हाच सैनिक जपानमध्ये ताकारा कंपनीकडे गेला. परवाना घेऊन त्याचा साचा वापरता वापरता ताकाराने 1972 मध्ये त्याचे अंग पारदर्शक केले आणि आत यंत्रे दाखवली. या खेळण्याचे नाव 'हेनशिन सायबॉर्ग'. हेनशिन म्हणजे रूप बदलणे. उर्दूत आणि मराठीत आपण ज्याला कायापालट म्हणतो, तेच. 1973 च्या तेलसंकटात प्लास्टिक महागले आणि 1974 मध्ये हा यंत्रमानव 10 सेंटिमीटरांचा 'मायक्रोमॅन' झाला. 1980 पासून 'डायक्लोन' नावाची मालिका आली. तिच्यात रोबोट मोठे होते आणि त्यांत बसणारे चालक जेमतेम 3 सेंटिमीटरांचे, पायाला चुंबक लावलेले. याच मालिकेत 1983 मध्ये 'बॅटल कॉन्व्हॉय' आला. तो म्हणजे माझ्या भाच्याच्या ट्रकचा आजोबा.

खेळणे म्हणून तो कसा होता? ट्रकच्या काचा रोबोटची छाती होतात, मागची चाके पायांत जातात, लपलेले डोके वर येते. ही कल्पना इतकी साफ आहे की मुलाला कागद वाचावा लागत नाही, हातच शिकतात. दोषही होते. मुठी वेगळ्या होत्या, त्या हमखास हरवत. मागचा मोठा ट्रेलर उघडून तळ बनत असे, पण रोबोटच्या अंगात त्याला जागाच नव्हती. रोबोट झाला की ट्रेलर बाजूला पडून राही.

हॅस्ब्रोने ही खेळणी टोकियोत पाहिली आणि 1984 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाने अमेरिकेत आणली. सैनिक वीस वर्षांनी घरी परतला, पण आता त्याला कुणी ओळखले नसते. त्याच वेळी एक मोठा बदल झाला. चालक काढून टाकले. रोबोटच जिवंत झाले, त्यांना स्वभाव मिळाले. मार्व्हलचे डेनी ओनील यांनी आपल्या ट्रकचे नाव ठेवले 'ऑप्टिमस प्राइम'. पीटर कलन यांनी त्याला आवाज दिला. त्यांचा मोठा भाऊ व्हिएतनाममध्ये लढलेला. खरा बहाद्दर ओरडत नाही, ही त्याची शिकवण कलन यांनी त्या आवाजात उतरवली.

हे सगळे विक्रीसाठीच होते, यात शंका नाही. 1984 मध्येच अमेरिकी सरकारने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरची बंधने काढली होती. त्यामुळे अर्ध्या तासाचे कार्टून म्हणजेच अर्ध्या तासाची जाहिरात झाली. पुन्हा मर्यादा घालणारा कायदा यायला 1990 उजाडले.

या हिशेबाचा कस लागला 1986 मध्ये. जुनी खेळणी हटवून नवी विकायची होती, म्हणून चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला मारून टाकले. कंपनीच्या दृष्टीने एक जुना माल यादीतून गेला. थिएटरात मुले हमसून हमसून रडली. आईबापांनी रागाची पत्रे लिहिली. 1987 मध्ये त्याला परत जिवंत करावे लागले. इतकेच नाही, त्याच वर्षीच्या 'जी. आय. जो'च्या चित्रपटात ड्यूक हे पात्र मरणार होते, ते संवाद बदलून वाचवले गेले. ज्या सैनिकापासून ही गोष्ट सुरू झाली, त्याच्या साथीदाराचा जीव एका ट्रकसाठी रडलेल्या मुलांमुळे वाचला.

आपल्या घरांत अशा खेळण्यांबद्दल दोन प्रकारची नापसंती असते. एक म्हणते, ही बाजाराची चाल आहे. दुसरी विचारते, असे पुतळे घरात चालतात का? पहिलीला मी नाही म्हणत नाही, चाल आहेच. दुसरीवर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि मी काही मुफ्ती नाही. पण अबू दाऊदच्या हदीससंग्रहातील एक प्रसंग मला नेहमी आठवतो. हजरत आयशा (र.अ.) यांच्या खेळण्यांत चिंध्यांच्या पंखांचा एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. हजरत सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असे उत्तर आले आणि प्रेषित (स.) मनापासून हसले. घोडाही आणि पक्षीही. एकात दोन, हे मुलांच्या मनाला फार जुने आहे.

म्हणून खेळण्याची पारख करताना मी आता किंमत आणि मजबुतीनंतर आणखी एक गोष्ट पाहतो: मूल त्यात आपल्याकडचे काय घालते? कारखान्याने प्लास्टिक दिले, कंपनीने नाव दिले, पण 1986 मध्ये रडले ते मूल. ते रडणे कुणी विकले नव्हते.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग ट्रक वळवत म्हणाला, "म्हणजे मामू, त्याने लढाई सोडून दिली?"

मी म्हणालो, "अजून सोडतोय बेटा."