‘धंदा नाई, पोट्टे जेवाले येतात’ : खाणावळवाल्या बायका आणि आपली प्रश्नावली

मागच्या उन्हाळ्यात परतवाड्यात पायलट सर्वे करत होते. एका काकूंना फॉर्ममधला तिसरा प्रश्न विचारला, "तुमचा व्यवसाय?" त्या म्हणाल्या, "काय धंदा माय, घरीच असतो. पंधरा-वीस पोट्टे जेवाले येतात, बस." मी मुकाट्यानं ‘गृहिणी’वर टिक केली. संध्याकाळी फॉर्म चाळताना लक्षात आलं, की पंधरा-वीस गिऱ्हाईकं असलेला धंदा मीच कागदावरून पुसून टाकला होता.

ही चूक एकट्या माझी नाही. हॉटेल व्यवसायाचा इतिहास वाचायला घ्या. इराणी भेटतात, उडुपी भेटतात, म्हणजे गल्ल्यावर बसलेले पुरुष. पण मुंबईच्या गिरणगावाला रोज जेवू घालणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. 1921 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे साधारण सव्वापाचशे स्त्रिया होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बिऱ्हाड गावी ठेवून एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवण कोण देणार? चाळीतलीच एखादी बाई. कुणी विधवा, कुणाच्या नवऱ्याचा पगार पुरत नाही.

आता या धंद्याचं गणित बघा. गिऱ्हाईक पैसे देणार पगार झाल्यावर, महिन्यानं. धान्य, तेल, रॉकेल मात्र रोज लागणार. मधला महिना वाण्याच्या उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर काढायचा. वेळ पडली तर मंगळसूत्र गहाण. म्हणजे ही बाई नुसती स्वयंपाकीण नव्हती, ती कामगाराला महिनाभराचं कर्जही देत होती. संप झाला की हे कर्ज लांबायचं. 1974 चा गिरणी संप 42 दिवस चालला. संपाच्या इतिहासात युनियन आणि पुढारी सापडतात, पण खाणावळीतली उधारी बहुधा एका वाक्यात उरकलेली असते.

हे ज्यांना दिसलं त्या प्रेमा पुरव. गोवा मुक्तीलढ्यात काम केलेल्या, पुढे मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत आलेल्या. 1975 मध्ये त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला 14 बायका होत्या आणि खटपट होती बँकेच्या कर्जासाठी. 1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, 1972 पासून गरिबांसाठी 4 टक्के व्याजाची योजना आली होती. पण तारण काय ठेवणार? बायका एकमेकींना जामीन राहिल्या. बँकेच्या कागदावर नाव आलं आणि ‘घरीच असते’ म्हणणारी बाई खातेदार झाली. पुरव यांना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

गोष्ट इथं गोड संपत नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. गडी गावी परतले, तसं खाणावळींचं गिऱ्हाईकच गेलं. मंडळानं पुढे केटरिंग, कँटीनची कामं, प्रशिक्षण असे मार्ग धरले.

आता परत आपल्याकडे या. मुंबईतल्या फिनले मिलचं नाव नंतर अचलपूरच्या मिलला लागलं. ती मिल कोरोनाच्या टाळेबंदीत बंद पडली. तिच्या कामगारांची यादी कुठल्या ना कुठल्या दप्तरात मिळेल. पण त्यांच्यासारख्यांना डबे देणाऱ्या बायांची यादी कुठल्या दप्तरात शोधायची?

दप्तरात नसेल तर विचारावं लागतं, आणि विचारायचं कसं हेच खरं काम आहे. मी त्या काकूंकडे परत गेले. ‘व्यवसाय’ हा शब्दच काढला नाही. महिन्याला गहू किती लागतो? किराणा रोखीनं की उधार? पोट्टे पैसे कधी देतात? कुणी बुडवले का? काकूंनी उतरंडीमागून एक वही काढली. तीन वर्षांचा हिशेब, नावानिशी, बुडालेल्या रकमेवर लाल फुली.

पीएचडीच्या तयारीत असाल तर एवढं करा. प्रश्नावली छापायच्या आधी एका बाईसमोर ती मोठ्यानं वाचून बघा. उत्तर ‘काही नाही’ आलं, तर दोष आधी प्रश्नात शोधा.