नायसिनची कुळकथा

ज्या निकोटिनिक आम्लास आज नायसिन म्हणतात, ते १८७३ साली ह्यूगो वायडेल या रसायनशास्त्रज्ञाने तंबाखूतील निकोटीनचे ऑक्सिडीकरण करून सिद्ध केले. परंतु मक्यावर गुजराण करणाऱ्या गोरगरिबांना छळणाऱ्या पेलाग्रा रोगावर तोच उतारा आहे, हे कळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी तत्सदृश विकाराने जिभा काळ्या पडलेले कुत्रे या द्रव्याने बरे केले, आणि नायसिन जीवनसत्त्वांच्या दप्तरी रुजू झाले. शरीराची त्याची दैनिक गरज पंधरा मिलिग्रॅमांच्या आसपास असते.

कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात धमनीकाठिण्याचे अभ्यासक रुडॉल्फ आल्टशुल आणि मनोरुग्णांना याच द्रव्याच्या मोठ्या मात्रा देणारे एब्रम हॉफर यांनी, स्टीफन या सहकाऱ्यासह, ग्रॅमच्या मापाने दिलेले नायसिन कोलेस्टेरॉल उतरविते, असे १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या प्रदीर्घ परीक्षेत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या पुरुषांना रोज तीन ग्रॅम नायसिन दिले, त्यांच्यात पुन्हा येणारे, जिवावर न बेतणारे झटके घटले. तीन ग्रॅम म्हणजे गरजेच्या सुमारे दोनशेपट. एवढ्या मात्रेत जीवनसत्त्वाचे औषध होते, आणि औषधाचे सर्व दोषही त्यास चिकटतात.

पहिला दोष त्वचेवर उमटतो. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे केशवाहिन्या रुंदावून चेहरा व मान लाल होतात, अंगाची आग होते. जेवणासोबत घेतलेल्या अल्प मात्रेपासून आरंभ करून ती सावकाश वाढविल्यास, किंवा डॉक्टरांच्या संमतीने आधी ॲस्पिरिन घेतल्यास, ही लाली बरीचशी आवरते. तिच्या भयाने मात्र अनेकांनी सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा आश्रय केला, आणि त्वचेवरचे संकट यकृतावर गेले. कारण मंद गतीने येणाऱ्या द्रव्याची विल्हेवाट यकृत ज्या मार्गाने लावते, तो त्यालाच अधिक जाचक ठरतो. याच जीवनसत्त्वाचे लाली न आणणारे दुसरे रूप, निकोटिनामाइड, तर कोलेस्टेरॉल उतरवीतच नाही.

पुढे कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या अमलात नायसिनचे महत्त्व ओसरले. स्टॅटिनच्या जोडीला ते देऊन, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत हृदयास अधिक लाभ दिसला नाही. उलट मधुमेह, जंतुसंसर्ग व रक्तस्राव वाढले, आणि २०१६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने अशा संयुक्त गोळ्यांची मंजुरी मागे घेतली. म्हणून ज्यांना डॉक्टर आजही ते विचारपूर्वक देतात, त्यांनी यकृत, रक्तशर्करा व यूरिक आम्ल यांची तपासणी आधी आणि नंतरही नेमाने करवून घ्यावी. आणि साध्या गोळीऐवजी सावकाश विरघळणारी गोळी त्याच मात्रेत परस्पर कधीही घेऊ नये.