जीर्ण नसलेल्या इमारतीचा जीर्णोद्धार

'रेट्रोफिट' या शब्दाला मराठीत अजून सरळ प्रतिशब्द नाही. 'जीर्णोद्धार' जवळचा वाटतो; परंतु त्याला देवळाचा गंध आहे, आणि त्यासाठी वास्तू मोडकळीस आलेली असावी लागते. आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती इमारत भक्कम होती. तिच्यातून गळत होती ती उष्णता.

न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १ मे १९३१ रोजी खुली झाली. १०२ मजल्यांचे हे बांधकाम मार्च १९३० मध्ये सुरू होऊन चौदा महिन्यांच्या आत पुरे झाले होते. महामंदीमुळे कचेऱ्या इतक्या ओस राहिल्या की लोक तिला 'एम्टी स्टेट बिल्डिंग' म्हणू लागले. भाडेकरूंची चिंता असलेल्या त्या काळात भिंतींतून काय निसटते याचा हिशेब कोण ठेवणार? खिडक्यांखाली बाहेरच्या भिंतीला लागून बसवलेले रेडिएटर खोलीबरोबर थोडेफार आकाशही तापवीत राहिले.

२००९ साली या इमारतीचा ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटवण्याची योजना जाहीर झाली. तिच्या आखणीत रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट, जॉन्सन कंट्रोल्स आणि क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह यांचा वाटा होता. योजनेतला सर्वांत वाचनीय अध्याय, आमच्या मते, खिडक्यांचा. त्या ६,५१४. सरळ मार्ग जुन्या फेकून नव्या बसवण्याचा होता. तो टाळून पाचव्या मजल्यावरच कारखाना थाटला गेला. दुहेरी काचा उकलायच्या, धुवायच्या, मध्ये एक पारदर्शक पटल ताणायचे, पोकळीत निष्क्रिय वायू भरायचा आणि तीच खिडकी पुन्हा जागी बसवायची. जुन्या काचा-चौकटींपैकी सुमारे ९६ टक्के सामग्री अशी पुन्हा वापरात आली, आणि उष्णता अडवण्याची खिडकीची क्षमता जवळजवळ तिप्पट झाली. पाठचिकित्सा करणाऱ्याला ही वृत्ती ओळखीची वाटेल: संहिता नव्याने लिहायची नाही, तिच्या दोन ओळींमधल्या जागेत काम करायचे. (गंमत अशी की या खिडक्या १९३१च्या मूळ खिडक्या नव्हत्याच, मूळ पोलादी खिडक्या त्याआधीच बदलल्या गेल्या होत्या. प्रक्षिप्तालाही जपावे लागते ते असे.)

रेडिएटरांमागे उष्णता परतवणारे पडदे लागले. मग शीतयंत्रांची पाळी आली, आणि येथे क्रमाचे महत्त्व दिसते. आधी यंत्रे घेतली असती तर ती मोठी व महाग घ्यावी लागली असती. खिडक्या-दिव्यांमुळे गरजच घटल्याने जुन्या यंत्रांची कवचे ठेवून आतला भाग बदलणे पुरेसे ठरले. या वाचलेल्या भांडवलामुळेच एरवी महाग ठरणाऱ्या खिडक्या हिशेबात बसल्या. एकेक उपाय सुटा तपासला असता तर त्यांतले काही पहिल्याच बैठकीत बाद झाले असते.

मात्र या कथेचे गोडवे गाताना आम्ही थोडे अडखळतो. हे घडले ते मालकाला व्यवहार परवडला म्हणून. ज्या इमारतींना तसे भाडे आणि तशी कीर्ती नाही त्यांचे काय? शहराने २०१९ साली 'लोकल लॉ ९७' करून २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. त्यांचा पहिला टप्पा २०२४ पासून लागू झाला. स्वेच्छेची जागा दंडाने घेतली.

तरीही एक गोष्ट कायद्याच्या आणि मालकाच्या हाती पुरती येत नाही. ठरलेल्या बचतीचा एक भाग भाडेकरूंच्या कचेऱ्यांत होता, म्हणजे त्यांच्या दिव्यांत आणि संगणकांत. भाडेकरू बदलतो, नवा येतो, आणि आपले दिवे बरोबर आणतो.