घाटात गाडी ‘उकळणे’

* ‘गाडी उकळली’ : ज्या प्रवासवर्णनावर ही टीप आहे, त्यातला प्रवास १९७०च्या दशकातला, बोरघाट अॅम्बॅसडर नाहीतर फियाटने चढण्याच्या काळातला. पंप इंजिनच्या सिलिंडरांभोवती पाणी खेळवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि परत फिरते. चढावर नेमका वारा कमी पडतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावत असते, गाडी मात्र रांगत असते, म्हणून पाणी पुरेसे निवत नाही आणि उकळू लागते. त्या गाड्यांत पंखा आणि पंप एकाच पट्ट्यावर फिरत. पट्टा सैल पडला की दोन्ही एकदम मंदावत, म्हणून जाणते ड्रायव्हर घाटाआधी बॉनेट उघडून तो अंगठ्याने दाबून पाहत.

त्या वर्णनात पुढे गाडी उकळल्यावर लेखकाचा सोबती फडके गुंडाळून लगेच रेडिएटरचे झाकण फिरवतो. वाचकांनी हे मुळीच करू नये. या झाकणात स्प्रिंग असते. ती प्रेशर कुकरसारखी आत दाब धरून ठेवते. दाब हवेपेक्षा अर्ध्या वातावरणाने जास्त असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. झाकण निघताच दाब उतरतो, १०० अंशांपलीकडचे पाणी क्षणात उसळून वाफेसकट हातातोंडावर येते. आजच्या गाड्यांत दाब आणखी जास्त असतो. इंजिन बंद करून ते पुरते निवेपर्यंत थांबावे. तापल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो. — संपादक