टप्प्याटप्प्याने उभारलेली भिंत : कोयना धरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सौंदड परिसर हा तलावांचा प्रदेश होय. येथील कोहळी समाजाने बांधलेल्या मातीच्या पाळी गरजेनुसार पुढील पिढ्यांना उंच करता आल्या. कारण जुन्या मातीवर नवी माती दाबून बसविता येते. काँक्रीटच्या भिंतीचे तसे नाही. तिच्या टप्प्यांचे नियोजन आधीच करावे लागते व त्यात मध्येच बदल झाल्यास तो भिंतीच्या आकारात कायम राहतो. प्रस्तुत लेखात कोयना धरणाच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

विषय विवेचन

सिमेंट घट्ट होताना उष्णता निर्माण होते. मोठी भिंत एकसंध ओतल्यास ती निवताना आकसते व तडकते. म्हणून भिंतीचे उभे खंड पाडून प्रत्येक खंड थराथराने चढवितात. खालचा थर निवल्यावर त्याचा पृष्ठभाग खरवडून, धुऊन वरचा थर ओततात. सांधा नीट न जुळल्यास भिंत तेथेच दुबळी राहते.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरण डबर-काँक्रीटचे असून त्याची उंची १०३ मी. आहे. मूळ योजनेनुसार ते टप्प्याटप्प्याने उंच करावयाचे होते. मात्र बांधकाम चालू असतानाच ते एकाच टप्प्यात पूर्ण उंचीपर्यंत नेण्याचे ठरले. त्यामुळे भिंतीस असाधारण आकार आला. पायाशी सुमारे ७० मी. असलेली रुंदी ६६.५ मी. उंचीवर सुमारे १९ मी. होते, तेथून पुढे पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार एकदम उभा होतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. धरणाच्या रचनेत गुरुत्वाकर्षणाच्या केवळ ०.०५ पट भूकंपबल गृहीत धरले होते. प्रत्यक्षात धरणातील यंत्राने भिंतीच्या आडव्या दिशेने ०.४९ पट त्वरण नोंदविले. उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या, त्या मुख्यतः उतार बदलण्याच्या पातळीजवळच. भिंत मात्र कोसळली नाही. पुढे ताणलेल्या पोलादी तारांनी व मागील बाजूस काँक्रीटचे आधार ओतून ती बळकट करण्यात आली. नव्या काँक्रीटची जुन्याशी सांगड घालण्याचा प्रश्न अशा रीतीने पुन्हा उभा राहिला.

निष्कर्ष

भेगांचे मूळ केवळ भूकंपात शोधणे अपुरे ठरते. भूकंपाने बल दिले. त्या बलाचा ताण कोठे एकवटावा हे बांधकामकाळातील निर्णयाने आधीच ठरविले होते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने धरणाचा आराखडा व प्रत्यक्ष भिंत ही दोन्ही प्राथमिक साधने मानावयास हवीत. धरणाच्या छायेत राहणाऱ्यांच्या दृष्टीने, उंची केव्हा व का बदलली याची नोंद जपणे हा सुरक्षिततेचाच एक भाग होय.